लिंकिन पार्कचा 'हायब्रिड थिअरी' : नव्या बँडने हा आल्बम नमुना म्हणून समोर ठेवावा का?

मंद्रसप्तक
मेटलचं वजन आणि गुणगुणता येईल अशी चाल, दोन्ही हवं असलेल्या बँडला पहिल्या आल्बमसाठी एकच नमुना द्यायचा तर मी लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा 'हायब्रिड थिअरी' देईन. ऑक्टोबर 2000 मध्ये आलेला, 12 ट्रॅक, सगळे मिळून 38 मिनिटंही भरत नाहीत. सर्वांत लांब गाणं 'इन दी एंड', तेही 3 मिनिटं 36 सेकंद. 2001 साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला आल्बम हाच, पण माझा मुद्दा खपाचा नाही. मुद्दा आहे कोणी कधी गप्प बसायचं याचा.

'इन दी एंड' या एकाच कामासाठी ऐका. पियानो काळी दोन (डी शार्प) मायनरमध्ये थोडेच स्वर फिरवत राहतो. कडव्यात माइक शिनोडाचा रॅप, जड गिटार नाही, गायक चेस्टर बेनिंग्टन फक्त अधूनमधून एखादी ओळ गातो. ध्रुवपदाला रॅप थांबतो, गिटारची भिंत उभी राहते आणि गाणं पूर्णपणे चेस्टरकडे जातं. नव्या बँडमध्ये पाचही जण पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत वाजवतात. मग गायकाचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो चढवायचा, आवाज चढला की ड्रम पातळ वाटतात, की ड्रम चढवायचे. हे मिक्समध्ये, म्हणजे नंतर सगळ्या आवाजांचा तोल साधताना, सुटत नाही. रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर कडवं, ध्रुवपद, ब्रिज (मधला वेगळा भाग) असे रकाने आखा आणि प्रत्येक रकान्यात कोण थांबणार ते लिहा.

ठेका_आणि_खाली
तीव्र असहमती. तुम्ही ज्याला मांडणी म्हणता त्यातली बरीचशी कॉम्प्युटरवरची कापाकापी आहे. 'पॉइंट्स ऑफ ऑथॉरिटी'चं उदाहरण प्रसिद्ध आहे: गिटारवाला ब्रॅड डेलसनने रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) वाजवला, शिनोडाने त्याचे तुकडे करून क्रम बदलला आणि मग डेलसनला स्वतःचाच रिफ नव्याने शिकावा लागला. बेस गिटारचं पाहा. बँडचा बेसवाला फिनिक्स फॅरेल तेव्हा बँडमध्ये नव्हता. स्कॉट कोझिओल आणि इयन हॉर्नबेक यांनी काही गाणी वाजवली, बाकीचा बेस डेलसनने. म्हणजे ड्रमर आणि बेसवाला एकमेकांकडे बघत वाजवतायत, असं या आल्बममध्ये कुठेच होत नाही, आणि ते ऐकू येतं. शिवाय निर्माता डॉन गिलमोर, मिक्सिंगला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' मिक्स केलेला अँडी वॉलेस. ही माणसं नसताना नव्या बँडच्या हाती फक्त साचा राहतो: शांत कडवं, मोठं ध्रुवपद, किंचाळणारा ब्रिज. सलग ऐकलं की सहाव्या गाण्यापर्यंत पुढचं वळण आधीच कळायला लागतं.

पहिल्या आल्बमला ड्रम, बेस आणि एक गिटार एकाच वेळी वाजवून घ्या. किक, स्नेअर आणि वर दोन असे चार माइक पुरतात. बेस थेट डीआय बॉक्समधून (अँपशिवाय सिग्नल रेकॉर्डिंगला नेणारी छोटी पेटी), गिटारचा अँप शेजारच्या खोलीत, नाहीतर त्याचा आवाज वरच्या माइकमध्ये गळतो आणि नंतर एक चूक दुरुस्त करायला तिघांना पुन्हा वाजवावं लागतं.

सहावी_तार
साच्याची भीती खरी आहे, पण गिटारच्या बाबतीत इथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. 'इन दी एंड'साठी सगळ्या तारा अर्ध्या स्वराने खाली आणि सहावी आणखी एका पूर्ण स्वराने, म्हणजे काळी एकवर. मग जाडे पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचे साधे कॉर्ड) एका बोटाने लागतात आणि काळी दोनचा कॉर्ड दुसऱ्या फ्रेटवर येतो.

इथेच गडबड होते. 9-42 चा पातळ तारांचा सेट तसाच खाली उतरवला की सहावी तार लोंबते, जोरात मारली की स्वर क्षणभर चढतो आणि दोन गिटार एकमेकांशी बेसूर होतात. 10-52 किंवा 11-54 अशा जाड तारा घ्या. तारा बदलल्यावर गिटारच्या मानेचा बाक पाहा आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर ट्यूनरवर तपासा. तो चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरा असेल तर पुढे.

रुंद आवाजासाठी तोच भाग दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकाच टेकची कॉपी दोन्हीकडे लावली तर तो मोनोच राहतो. ती कॉपी थोड्या मिलिसेकंदांनी सरकवली तर हेडफोनवर रुंद वाटते, पण फोनच्या एका स्पीकरवर पोकळ होते. आणि दोनदा वाजवणार असाल तर गेन (अँपवरची खरखर वाढवणारी कळ) एरवीपेक्षा कमी ठेवा.

ठेका_आणि_खाली
गेनचं मान्य. पण या आल्बमसारखी भिंत उभी करायला गेलं की पहिला बळी बेसचा जातो. काळी एकवरच्या सहाव्या तारेचा स्वर साधारण 69 हर्ट्झ, बेसचा त्याच्या निम्मा, 35 च्या आसपास. गिटारमधून 80-90 हर्ट्झच्या खालचा भाग कापला नाही तर तळाशी नुसता गाळ होतो. कापला, तर एकट्याने ऐकताना गिटार किडकिडीत वाटते आणि गिटारवाला भांडतो. त्याला ती बेससोबत ऐकवा. बेसवरही थोडं डिस्टॉर्शन लागतं, नाहीतर फोनवर तो गायबच.

गळा
तुम्ही कोणीच गायकाच्या आवाजाबद्दल बोलत नाही आहात, आणि आल्बम उभा आहे तो त्यावर. 'क्रॉलिंग'ला 2002 मध्ये ग्रॅमी मिळालं. तिथे ध्रुवपद अगदी सुरुवातीलाच येतं, लांब धरलेल्या स्वरांनी, आणि त्याच गळ्यात खरखर आणि सूर दोन्ही असतात. मेहनत इथे आहे, संपादनात नाही. नक्कल करणारे फक्त खरखर उचलतात, श्वास छातीत घेतात, घशाने ढकलतात आणि तिसऱ्या टेकला आवाज बसतो. आधी ओळ स्वच्छ सुरात पक्की करा, मग खरखर चढवा. किंचाळण्याचे टेक दिवसाच्या शेवटी घ्या आणि दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा.

मंद्रसप्तक
ठेका, साच्याच्या आरोपाला एक उत्तर आहे. 1999 च्या ईपीतलं (आल्बमपेक्षा छोट्या संचातलं) एकही गाणं त्यांनी या आल्बममध्ये घेतलं नाही. झीरो या आपल्या आधीच्या नावाने केलेल्या जुन्या डेमोतलं (कच्च्या रेकॉर्डिंगमधलं) 'राइनस्टोन' मात्र पुन्हा घडवून 'फरगॉटन' केलं. तयार गाणं बाजूला ठेवायचं आणि अर्धवट गाण्यावर पुन्हा बसायचं, याला बडा निर्माता लागत नाही.

ठेका_आणि_खाली
हे पटलं. एकत्र वाजवण्याबद्दलचं मत मात्र बदलत नाही, कारण ही गाणी स्टेजवर न्यायची तर लूप (आधी रेकॉर्ड केलेले परत परत येणारे तुकडे) लॅपटॉपवरून सोडावे लागतात आणि ड्रमरला क्लिकवर (तालाच्या टिकटिकीवर) वाजवायची सवय आधीपासून, एकत्र वाजवतानाच, लावावी लागते. एका चॅनलवर क्लिक, ती फक्त ड्रमरच्या कानात. दुसऱ्यावर लूप, ते मिक्सरला. वायर उलटी लागली तर टिकटिक थेट प्रेक्षकांना ऐकू जाते, म्हणून साउंडचेकला पहिलं काम हे तपासण्याचं.