न्यूट्रलला असूनही पिकअप ढकलता येत नाही, गिअरबॉक्स जाम झालाय, स्वतः खोलू का?

जुना_पिकअप

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय, जाणकारांनी मदत करा. माझ्याकडे जुना पिकअप आहे, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, चार गिअरचा साधा मॅन्युअल बॉक्स. तीन वर्षं शेडमध्ये उभाच होता. इंजिन चालू झालं पण रेडिएटर गळका निघाला म्हणून चालवत न आणता टोचन करून आणला, न्यूट्रलला टाकून, साधारण ६० किलोमीटर. शेवटी शेवटी मधूनच कुईं कुईं असा बारीक आवाज यायला लागला, मग एकदम झटका बसला आणि मागची चाकं घासतच आली थोडं अंतर.

आता लिव्हर न्यूट्रलला आहे, डावीउजवीकडे हलतोय पण, तरी गाडी ढकलली की जागची हलत नाही आणि कुठलाच गिअर नीट पडत नाही. एक जण म्हणाला पहिल्यात टाकून दुसऱ्या गाडीने जोरात ओढ, सुटेल. दुसरा म्हणतो आख्खं बेअरिंग किट मागव आणि सगळंच बदलून टाक. इंजिनचं काम मी घरी केलंय, गिअरबॉक्स कधी उघडलेला नाही. कुठून सुरुवात करू?

ग्रीसचे_हात

ओढू नका, आधी तेवढं नक्की. जाम झालेला बॉक्स ओढून सुटला तरी आतले दात तुटून सुटतो, आणि तुटलेला दात दोन गिअरमध्ये सापडला की अॅल्युमिनियमचं हाउसिंगच तडकतं. मग आज जे दुरुस्त होण्यासारखं आहे तेही भंगारात.

किट पण आत्ताच मागवू नका. गिअरबॉक्सच जाम आहे हे कशावरून? मागचा ब्रेक किंवा हँडब्रेक धरून बसला असेल, डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) असेल, काहीही असू शकतं. मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, स्टँड लावा, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा) सोडवा आणि चाकं हाताने फिरवा. फिरली तर मागचं सगळं ठीक. मग शाफ्ट परत जोडून गाडी खाली घ्या आणि एकाला क्लच दाबून बसवून ढकलून बघा, क्लच सोडून परत ढकला. दोन्ही वेळी काय होतं ते इथे लिहा, त्यावरून बरंच कळेल.

जुना_पिकअप

केलं दादा. प्रोपेलर सोडवल्यावर चाकं मोकळी फिरतात. आणि क्लच दाबला की गाडी ढकलता येते, सोडला की परत अडकते! लिव्हर न्यूट्रललाच आहे दोन्ही वेळी. हे कसं काय?

लेथवाला

हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे बॉक्स पूर्ण जाम नाहीये. क्लच दाबल्यावर गाडी हलते याचा अर्थ आतले शाफ्ट फिरतायत, फक्त क्लच शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांना चिकटून फिरतायत, आणि क्लच सोडला की तुम्ही गाडीबरोबर इंजिन पण ढकलताय.

थोडं सविस्तर सांगतो कारण हे समजलं की उघडायला भीती वाटणार नाही. तुमच्या बॉक्समध्ये तीन शाफ्ट. इंजिनकडून येतो तो क्लच शाफ्ट, खाली ले शाफ्ट, जो क्लच शाफ्टवरच्या गिअरने फिरतो आणि मेन शाफ्टवरच्या गिअरना फिरवतो, आणि क्लच शाफ्टच्या रेषेतच मागे जाणारा मेन शाफ्ट. मेन शाफ्टचं पुढचं टोक, ज्याला आम्ही नाक म्हणतो, ते क्लच शाफ्टच्या मागच्या पोकळीत निडल रोलरवर, म्हणजे बारीक पोलादी कांड्यांवर, बसलेलं असतं. चौथा गिअर म्हणजे हे दोन शाफ्ट स्लीव्हने, म्हणजे सरकत्या कड्याने, एकमेकांना बांधणं, एकास एक. बाकी गिअर मेन शाफ्टवर मोकळे फिरतात, स्लीव्ह सरकली की त्यातला एक शाफ्टला बांधला जातो.

आता टोचनचं बघा. इंजिन बंद, न्यूट्रल, म्हणजे क्लच शाफ्ट उभा आणि ले शाफ्टही उभा. चाकं फिरवतायत फक्त मेन शाफ्टला. पण या बॉक्समध्ये पंप नसतो, ऑइल वर उडवायचं काम ले शाफ्टचे गिअर करतात, तेच थांबलेले! म्हणजे ते नाक उभ्या पोकळीत ६० किलोमीटर जवळजवळ कोरडं फिरलं. त्यात ऑइल आधीच कमी असेल तर विचारायलाच नको. म्हणून लांब टोचन करायचं असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवून बांधून ठेवायचा किंवा मागची चाकं उचलून न्यायची. किती अंतर चालतं ते काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

आता बॉक्स उतरवा. पण ऑइल सोडायच्या आधी भरायचा प्लग सैल होतोय का ते बघा, ऑइल काढून टाकलं आणि भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला की पंचाईत. उतरवताना बॉक्सचं वजन क्लच शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, क्लच प्लेटचा हब वाकतो, खालून जॅक लावूनच सरळ मागे ओढा. टेबलावर घेतला की न्यूट्रलला क्लच शाफ्ट हाताने फिरवा आणि आउटपुटच्या फेऱ्या मोजा. एकास एक आलं तर चौथ्याच्या जागी धरलंय. क्लच शाफ्टच्या दीड फेरीला आउटपुटची एक असं काही आलं तर मेन शाफ्टवरचा तिसरा गिअर चिकटलाय, असं गुणोत्तरावरून न उघडता कळतं.

पाना_पक्कड

लेथवाल्यांचं बरोबर आहे, फक्त एक भर. एकास एक आलं म्हणजे नाकच गेलं असं लगेच धरू नका, वाकलेल्या फोर्कमुळे (स्लीव्ह सरकवणारा काटा) चौथ्याची स्लीव्ह अडकून राहिली तरी हेच लक्षण येतं. वरचं झाकण काढून स्लीव्ह मधोमध आहे की पुढे सरकलेली ते डोळ्यांनी बघा. पुढे असेल तर काम खूपच कमी.

जुना_पिकअप

दोन रविवार गेले पण उतरवला आणि उघडला. ऑइल अर्धा लिटरसुद्धा निघालं नाही, काळं आणि जळका वास. मागचा ऑइल सील कडक होऊन चिरलाय, हाउसिंगची मागची बाजू सगळी तेलकट मातीने माखलेली, ब्रीदर (हवा बाहेर जायचं भोक) चिखलाने बंद. फेऱ्या मोजल्या, बरोबर एकास एक. स्लीव्ह मधोमध होती.

क्लच शाफ्ट पुढे ओढला तर येईना, हळूहळू पुलरने काढला. आत निडल रोलर १४ पाहिजेत, ११ अख्खे मिळाले, दोन नाकाला चिकटलेले, एक नाहीच. नाकाचा रंग निळा जांभळा झालाय, नखाला लागतील असे ओरखडे आहेत. बाकी दात चांगले दिसतायत, सिंक्रो रिंगही (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) ठीक वाटतायत. माझा विचार आहे की नाक बारीक पॉलिश पेपरने घासून नवीन रोलर टाकावेत. चालेल ना?

लेथवाला

नाही चालणार, आणि मी हे मुद्दाम कडक सांगतोय कारण महिन्याभरात परत हेच होईल. त्या रोलरना वेगळी आतली रिंग नाही, नाकाचा पृष्ठभाग हाच त्यांचा रस्ता. तो कडक केलेला असतो. पोलाद निळं व्हायला साधारण ३०० अंश सेल्सिअस तापावं लागतं आणि एवढ्या तापाला त्या वरच्या थराचा कडकपणा उतरतो. जुनी बारीक कानस घ्या, आधी नाकाच्या मागे जिथे रंग बदललेला नाही तिथे कडक भागावर हलकी फिरवा, ती घसरेल, काचेवर फिरवल्यासारखी. मग निळ्या भागावर फिरवा. तिथे कानस धरून चरे पाडत असेल तर शाफ्ट मऊ पडलाय. पेपरने गुळगुळीत होईल पण मऊच राहील आणि वर माप कमी होईल ते वेगळंच.

क्लच शाफ्टच्या पोकळीत पण टॉर्च मारून बघा, तिथे नखाला खड्डे लागले तर तोही शाफ्ट गेला.

आणि तो हरवलेला रोलर शोधा! हाउसिंगच्या तळाशी चुंबक फिरवा, ले शाफ्टच्या दातांमध्ये बघा, कापडात बघा. तुकडे मिळाले तर जोडून अख्खा एक होतोय का बघा. तो सापडेपर्यंत बॉक्स बंद करायचा नाही.

ग्रीसचे_हात

मेन शाफ्ट सुटा मिळाला नाही तर त्याच मॉडेलचा दुसरा जुना बॉक्स बघा, पण दात मोजून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या गुणोत्तराचे बॉक्स येतात. क्लच शाफ्टचा गिअर आणि ले शाफ्टचा सगळ्यात पुढचा गिअर ही जोडी आहे, त्यातला एकच बदलायची वेळ आली तर दात तेवढेच पाहिजेत. शक्य असेल तर जोडीच उचला, एकत्र झिजलेले दात एकमेकांना ओळखतात, नवीन जोडीदार दिला की गाडी गुणगुणत राहते.

पाना_पक्कड

जोडणीबद्दल मी लिहिते, कारण पहिल्यांदा करणारे इथेच फसतात.

सिंक्रो रिंग "ठीक वाटतायत" यावर सोडू नका. रिंग गिअरच्या निमुळत्या कोनवर (शंकूवर) दाबून बसवा आणि फिरवायचा प्रयत्न करा, तिने धरलं पाहिजे. मग रिंग आणि गिअरचे छोटे दात यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.८ मिलिमीटर ही खालची मर्यादा असते, तुमच्या मॅन्युअलचा आकडा तोच खरा. स्लीव्ह आणि तिच्या आतला हब वेगळे करण्याआधी खूण करा.

बेअरिंग शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या रिंगवर जोर द्यायचा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की छर्रे रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या फिरायच्या वाटेत, खळगे पाडतात, दिसत नाहीत पण नंतर आवाज येतो. बेअरिंग १०० अंशाच्या आसपास गरम केलं, १२० च्या वर नाही, तर स्वतःहून सरकतं. रोलर जागेवर धरायला पेट्रोलियम जेली वापरा, घट्ट ग्रीस नको.

आणि फोर्क हलवणाऱ्या सिलेक्टर रॉडच्या मधली ती इवलीशी इंटरलॉक पिन! दोन गिअर एकाच वेळी पडू नयेत म्हणून ती असते. माझ्या पहिल्या बॉक्सला ती कापडाच्या घडीत राहून गेली होती, सगळं बंद करून गाडीला लावलं, दुसऱ्या दिवशी दुसरा आणि चौथा एकदम पडले आणि चालत्या गाडीत मागची चाकं लॉक झाली. रस्ता रिकामा होता म्हणून वाचले. तेव्हापासून झाकण लावायच्या आधी एक रॉड सरकवून दुसरा ढकलून बघतेच, तो हलता कामा नये.

ऑइल जीएल-४ दर्जाचं घ्या, मॅन्युअलने दुसरं सांगितलं नसेल तर. जीएल-५ जास्त भारी म्हणून बरेच जण टाकतात पण ते डिफरन्शिअलसाठी, त्यातल्या जास्तीच्या गंधक-फॉस्फरसच्या अॅडिटिव्हमुळे सिंक्रो रिंग नीट धरत नाहीत, आणि त्यातली काही ऑइल पितळेलाही बाधतात. ब्रीदर मोकळा करा, तो बंद असला की गरम हवेचा दाब सीलवर येतो.

जुना_पिकअप

अपडेट देतो. कानस लावून बघितली, मागे घसरते आणि निळ्या भागावर सरळ धरते, लेथवाल्यांनी सांगितलं तसंच, हाताला फरक कळतो. हरवलेला रोलर तीन तुकड्यांत मिळाला, दोन तळाशी आणि एक ले शाफ्टच्या मागे. जुळवून बघितले, पूर्ण होतो. पोकळीतही खड्डे होते म्हणून दात मोजून जुन्या बॉक्समधून मेन शाफ्ट, क्लच शाफ्ट आणि ले शाफ्ट तिन्ही घेतले. बेअरिंगं, सील, रोलर नवीन. तिसऱ्याची रिंग ०.६ निघाली, दिसायला चांगली होती, बदलली.

काल रात्री टेबलावर बंद केला. इंटरलॉक दोनदा तपासला. क्लच शाफ्ट हाताने फिरवून मोजलं, पहिल्याला पावणेचार फेऱ्यांना एक, चौथ्याला एकास एक, रिव्हर्सला उलटा फिरतो. आणि न्यूट्रलला आउटपुट थोडा ओढला जातो पण दोन बोटांनी धरला की थांबतो. हे एवढं बरोबर आहे ना? की अजूनही कुठे धरतंय?

लेथवाला

बरोबर आहे, तो रोलरमधल्या जेलीचा आणि ऑइलच्या थराचा ओढा आहे, धरतंय असं असतं तर बोटांनी थांबला नसता. आता चढवा. पहिल्यांदा चालवताना मागची चाकं स्टँडवर ठेवून दहा मिनिटं प्रत्येक गिअरला फिरवा, हाउसिंगला हात लावून बघत राहा, आणि पाचेकशे किलोमीटरला ऑइल बदलून चुंबकावर काय येतंय ते इथे टाका.