समीक्षकांचे स्टार खोटे आणि लोकांचे खरे, असं कसं?

कुडाळकर: काल इथे एकाने लिहिलं, "समीक्षक ४० टक्के देतात, लोक ९० टक्के देतात, म्हणजे समीक्षक विकले गेलेत." राहवलं नाही म्हणून लिहितोय. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या वेबसाइटवरचे ४० टक्के हे गुण नसतात हो! शंभर परीक्षणांतली ४० अनुकूल, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी नुसतं "बरा आहे" म्हटलं तरी आकडा १०० होतो. आणि लोकांचे ९०? ज्याला आवडेल असं वाटतं तोच बहुतेक तिकीट काढतो. त्यातला भारावलेला नाहीतर चिडलेला गुण द्यायला बसतो, बाकीचे घरी जाऊन जेवतात. पायलीने कापड मोजायचं आणि शिंप्याला चोर म्हणायचं, असं चाललंय.

फोंडाघाट: मापं तुमची, पैसे माझे. पेपरात साडेचार स्टार बघून आईला पहाटेच्या एस.टी.ने घाट चढून कोल्हापूरला नेलं. भर पाऊस, धुकं, तिला गाडी लागली. मध्यंतराला म्हणाली, "बाबू, ह्यो माणूस मघापासून खिडकीतच उभो आसा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समीक्षक फुकट बघतो, त्याला घाट चढावा लागत नाही.

कुडाळकर: एस.टी.च्या तिकिटाचा हिशेब समीक्षकाने का ठेवायचा? स्टार बघितलेत, खालचं परीक्षण वाचलंत का?

वेंगुर्ल्याची: मला दोघांचाही राग येतो. पडद्यावर मालवणी बोलणारा म्हणजे गडी नाहीतर बेवडा. लोक खिदळतात आणि दहापैकी नऊ देतात, समीक्षक "अस्सल बोली" लिहून मोकळे. एका सिनेमात नट एकाच वाक्यात "माका" आणि "मला" बोलला. एकालाही खटकलं नाही!

गुहागरवाला: कोकण म्हटलं की मालवणीच का? आमची संगमेश्वरी बोली कुणाच्या गावी नाही.

वेंगुर्ल्याची: मी सगळ्या कोकणाचं बोललेच नाही. नीट वाचा आधी.

गुहागरवाला: वाचलं. दर वेळी हेच होतं. आमच्याकडे येऊन शूटिंग करतात, वाडीतली म्हातारी दाखवतात आणि तिच्या तोंडी मालवणी घालतात. माझी आजी असलं बघून टीव्ही बंद करायची.

फोंडाघाट: भाषेचं वेगळं काढा ना. १९७५ साली 'शोले'ला सुरुवातीच्या परीक्षणांत झोडपलं, फिल्मफेअर एकच, तेही संकलनाचं. लोकांनी मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालवला. कोण चुकलं?

कुडाळकर: 'शोले'पुरतं समीक्षक चुकले, घ्या. पण 'श्वास' राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनीच उचलून धरला होता ना? नातवाचे डोळे दाखवायला शहरात आलेला आपल्याकडचाच आजोबा. माझे आजोबा जत्रेत दशावतार बघायला पेटीवाल्याच्या शेजारी बसायचे. राजाची तलवार फिरली की शिट्ट्या पडायच्या, ते गप्प. संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचावे लागतात, आणि आख्यान कुठे घसरलं ते त्यांना नेमकं कळायचं. पहाटे तोंडाचा रंग पुसता पुसता राजा त्यांच्याकडे येऊन विचारायचा, "खंय चुकला?"

फोंडाघाट: आजोबा अख्खी रात्र गावाबरोबर थंडीत बसायचे. असा समीक्षक असेल तर ऐकेन. परीक्षण मी पूर्ण वाचलं नव्हतं, तेही खरं.

वेंगुर्ल्याची: आणि बोलीचं काय? त्यावर दोघेही गप्प.