वायुसेना दिनाचं निवेदन: हुद्दा, पद, तारे, निशाण यांतल्या चुका काढून द्या

वळणवाट (प्रश्न)

८ ऑक्टोबरला महाविद्यालयात वायुसेना दिनाचा कार्यक्रम आहे आणि निवेदन लिहायचं आहे. प्रमुख पाहुणे निवृत्त एअर व्हाइस मार्शल आहेत, म्हणजे चूक झाली तर ऐकणारा पहिल्याच रांगेत असणार. मसुद्यातली ही वाक्यं तपासून द्याल का?

१. "सुब्रतो मुखर्जी हे देशाचे पहिले भारतीय एअर चीफ मार्शल."
२. "एअर चीफ मार्शल हे पद सेवाज्येष्ठतेनुसार तीन वर्षांसाठी मिळते."
३. "मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हे सर्वोच्च पद सध्या रिक्त आहे."
४. "८ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीत चार विमानांनिशी पहिले उड्डाण झाले."
५. "राष्ट्रपतींनी स्क्वॉड्रनला दिलेला ध्वज तळावर रोज फडकतो."

इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं सापडतंय. नेमकं काय ते हवंय.

---

चौथा_पट्टा

पाचही वाक्यं चुकली आहेत, पण पहिल्या तिनांत चूक एकच आहे: हुद्दा आणि पद यांची सरमिसळ. एवढी एक गाठ सुटली की बाकीचं निवेदन तुम्हीच दुरुस्त कराल.

एअर चीफ मार्शल हा हुद्दा. चीफ ऑफ द एअर स्टाफ, म्हणजे हवाई दल प्रमुख, हे पद. आज दोन्ही एकाच माणसाकडे असतात म्हणून ते एकच वाटतात. सुरुवातीला तसं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर पहिली काही वर्षं प्रमुख ब्रिटिश होते: एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन, गिब्स. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख झाले, तेव्हा त्यांचा हुद्दा एअर मार्शल होता आणि पदाचं नाव होतं कमांडर-इन-चीफ. १९५५ मध्ये कायद्याने तिन्ही दलांत ते नाव बदललं आणि 'चीफ ऑफ द एअर स्टाफ' आलं. मुखर्जी १९६० मध्ये टोकियोत वारले ते एअर मार्शल म्हणूनच. प्रमुखाचा हुद्दा एक पायरी वर गेला तो १९६५ च्या युद्धानंतर, १९६६ मध्ये. पहिले एअर चीफ मार्शल अर्जन सिंग. तेव्हा वाक्य क्र. १ असं करा: "सुब्रतो मुखर्जी हे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख."

क्र. ३ मध्ये 'रिक्त' हा शब्द काढाच. मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हे पदच नाही. तो पाच ताऱ्यांचा सन्मानाचा हुद्दा आहे आणि आजवर एकालाच मिळाला: अर्जन सिंग यांना, २००२ मध्ये, म्हणजे प्रमुखपद सोडल्यावर जवळपास तेहतीस वर्षांनी. पाच ताऱ्यांचा अधिकारी निवृत्त होत नाही, म्हणून २०१७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या नावापुढे 'निवृत्त' लागलं नाही. पद नाही, तर रिकामं कुठून असणार?

हुद्दा आणि पद वेगळे असल्याचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकर. २०१० पासून मानद ग्रुप कॅप्टन. हुद्दा आहे, गणवेश आहे, पद काहीच नाही. याच्या उलट गंमत 'कमोडोर कमांडंट' या नावात आहे. ते एखाद्या स्क्वॉड्रनचं (विमानांच्या तुकडीचं) मानद पालकत्व असतं आणि ते सांभाळणारा अधिकारी कित्येकदा एअर मार्शल असतो. नावात कमोडोर आहे म्हणून त्याला एअर कमोडोर म्हणून मोकळं होऊ नका.

---

दुपारची_पाळी

क्र. २ बद्दल. तीन वर्षं हे अर्धंच वाक्य आहे. नियम असा: तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी येईल ते. आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा वयच आधी येतं.

नेमणूक केंद्रीय मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती करते, तिचे अध्यक्ष पंतप्रधान. सेवाज्येष्ठता हा संकेत आहे, कायदा नाही. सरकार ती डावलू शकतं. पण निवडीचं खरं गणित ज्येष्ठतेच्या यादीपेक्षा जन्मतारखेत दडलेलं असतं. एअर मार्शल ६० व्या वर्षी निवृत्त होतो, ज्या महिन्यात साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे प्रमुखाची खुर्ची ज्या दिवशी रिकामी होते त्या दिवशी जो अजून सेवेत आहे तोच शर्यतीत. चार महिने आधी साठ पूर्ण झालेला कितीही कर्तबगार असो, तो बाहेर.

माजी हवाई दल प्रमुख भदौरियांचं उदाहरण घ्या. जन्म १५ सप्टेंबर १९५९, म्हणजे एअर मार्शल म्हणून निवृत्तीची तारीख ३० सप्टेंबर २०१९. तेव्हाचे प्रमुख धनोआ नेमके त्याच दिवशी पायउतार झाले. त्यामुळे ज्या दिवशी घरी जायचं त्याच दिवशी भदौरिया प्रमुख झाले, आणि ६२ पूर्ण होताच, ३० सप्टेंबर २०२१ ला, बरोबर दोन वर्षांनी निवृत्त. त्यांच्यानंतरचे विवेक राम चौधरी (मूळ नांदेडचे) यांना पूर्ण तीन वर्षं मिळाली, कारण त्यांचं वय आणि कार्यकाळ दोन्ही सप्टेंबर २०२४ मध्येच संपत होते. त्यांच्या जागी आलेले अमर प्रीत सिंग यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९६४ चा. खुर्ची दोन महिने उशिरा रिकामी झाली असती तर तेही साठ पूर्ण होऊन बाहेर गेले असते. या नियमाने त्यांच्या वाट्याला दोन वर्षं आणि एक महिनाच येतो.

आणखी एक अलिखित चाळणी. प्रमुख फ्लाइंग ब्रँचचा वैमानिक असतो, आणि तोही जवळपास नेहमी लढाऊ विमानांचा. हेलिकॉप्टर वैमानिकांमधून प्रमुख झालेले पहिले फली होमी मेजर, २००७ मध्ये. एअर मार्शल हुद्दा मात्र कोणत्याही शाखेत मिळतो. हवाई दलातल्या पहिल्या महिला एअर मार्शल पद्मा बंदोपाध्याय या डॉक्टर होत्या. म्हणून "एअर मार्शल म्हणजे वैमानिकच" असं कुठे लिहिलं असेल तर तेही खोडा.

जाता जाता: आपल्या वर्तमानपत्रांत व्हाइस चीफ आणि डेप्युटी चीफ दोघांनाही 'उपप्रमुख' छापतात. ही दोन वेगळी पदं आहेत. क्रमांक दोनवर व्हाइस चीफ. धनोआ, भदौरिया, चौधरी, सिंग हे चौघेही प्रमुख होण्याआधी याच खुर्चीत होते. तुमचे पाहुणे एअर *व्हाइस* मार्शल आहेत, त्यांना कुणी उत्साहाच्या भरात 'माजी उपप्रमुख' करू नये एवढं पाहा.

---

वळणवाट

बाप रे, मसुद्यात खरंच "माजी उपप्रमुख" लिहिलं होतं. खोडलं. मग एअर व्हाइस मार्शल म्हणजे लष्करातलं काय? आणि ध्वजाचं वाक्य?

---

चौथा_पट्टा

मेजर जनरल, नौदलात रिअर ॲडमिरल. दोन तारे. खालून मोजा: एअर कमोडोर एक तारा, एअर व्हाइस मार्शल दोन, एअर मार्शल तीन, एअर चीफ मार्शल चार. एअर कमोडोरपासून वरच्या सगळ्यांना मिळून 'एअर ऑफिसर' म्हणतात.

बाहीवरचे पट्टे वाचायचे तर त्याची युक्ती सोपी आहे. ग्रुप कॅप्टनपर्यंत सगळे पट्टे अरुंद (ग्रुप कॅप्टनला चार). त्यापुढे एक रुंद पट्टा येतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. नुसता रुंद म्हणजे एअर कमोडोर, रुंद अधिक एक म्हणजे तुमचे पाहुणे, रुंद अधिक दोन एअर मार्शल, रुंद अधिक तीन प्रमुख.

एकाच हुद्द्यात पदाने किती फरक पडतो तो पगारात दिसतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात साध्या एअर मार्शलची श्रेणी १,८२,२०० ते २,२४,१०० रुपये. व्हाइस चीफ किंवा एखाद्या कमांडचा प्रमुख असलेल्या एअर मार्शलला ठोक २,२५,०००. खांद्यावरचे तारे दोघांचे तीनच. कमांड एकूण सात: दिल्ली, प्रयागराज, शिलाँग, गांधीनगर, तिरुवनंतपुरम, शिवाय बंगळूरची ट्रेनिंग कमांड आणि आपल्या नागपूरची मेंटेनन्स कमांड.

ग्रुप कॅप्टनला लष्करातल्या कॅप्टनच्या पंगतीत बसवणं ही तर नेहमीचीच चूक. ग्रुप कॅप्टन म्हणजे कर्नल. लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा फ्लाइट लेफ्टनंट.

---

निशाणबारी

ध्वजाचं मी सांगतो. यात तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्हींना मराठीत आपण 'ध्वज' म्हणतो, त्यातून गोंधळ होतो.

तळावर रोज फडकतो तो हवाई दलाचा ध्वज, एन्साइन. आकाशी रंग, वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरंगा, उजवीकडे खाली केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ. ८ ऑक्टोबर २०२३ ला प्रयागराजच्या संचलनात त्यात बदल झाला, वरच्या उजव्या कोपऱ्यात हवाई दलाचं मानचिन्ह आलं. पोस्टरवर जुनं चित्र लागलं की जाणकाराला लगेच कळतं, कारण बाजारात आणि इंटरनेटवर अजूनही १९५० चंच चित्र जास्त आहे. वरचा उजवा कोपरा रिकामा दिसला तर चित्र बदला.

राष्ट्रपती देतात ते निशाण यापेक्षा वेगळं. ते खांबावर चढत नाही. संचलनात अधिकारी हाती धरून नेतो आणि ते समोरून जाताना सगळे उभे राहतात, नागरिकसुद्धा. त्यातही दोन प्रकार: लढणाऱ्या स्क्वॉड्रनला 'स्टँडर्ड', दुरुस्ती डेपो, प्रशिक्षण संस्था वगैरेंना 'कलर्स'. मार्च २०२४ मध्ये हिंडनला एकाच समारंभात दोन्ही दिली गेली: ४५ आणि २२१ स्क्वॉड्रनला स्टँडर्ड, ११ बेस रिपेअर डेपो आणि ५०९ सिग्नल युनिटला कलर्स. ११ बेस रिपेअर डेपो म्हणजे नाशिकजवळचं ओझर. श्रोते मराठी आहेत, तर हे उदाहरण निवेदनात घ्याच.

तिसरी वस्तू गाडीवरचा छोटा झेंडा आणि ताऱ्यांची पाटी. अधिकारी गाडीत नसेल तर पाटी झाकतात. पाहुणे निवृत्त आहेत, त्यामुळे स्वागताच्या हौसेने महाविद्यालयाच्या गाडीवर दोन तारे चिकटवू नका.

क्र. ४ मध्ये दोन तारखा एकत्र झाल्या आहेत. ८ ऑक्टोबर १९३२ ही स्थापनेची तारीख, त्या दिवशी आकाशात काही गेलं नाही. चार वापिती विमानांची पहिली स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिली. 'रॉयल' हा शब्द १९४५ ते २६ जानेवारी १९५० एवढाच काळ नावात होता, त्याआधी नाही.

---

वळणवाट

शेवटचं. पाहुण्यांच्या पत्रावर नावापुढे इंग्रजी आद्याक्षरं आहेत: अतिविशिष्ट सेवा पदक, वीरचक्र, वायुसेना पदक, या क्रमाने. वीरचक्र शौर्याचं, मग ते पहिलं नको का? आणि 'निवृत्त' कुठे लिहायचं?

---

दुपारची_पाळी

क्रमाला हात लावू नका, पत्रावर आहे तोच बरोबर. पदकांचा अग्रक्रम सरकारने ठरवलेला आहे आणि त्यात अतिविशिष्ट सेवा पदक वीरचक्राच्या आधी येतं. परमविशिष्ट सेवा पदक तर महावीरचक्राच्याही आधी. शांतताकाळातलं सेवा पदक युद्धातल्या शौर्याच्या पुढे कसं, हा वाद जुना आहे आणि माझ्या मते रास्तही आहे, पण तो निमंत्रणपत्रिकेवर सोडवायचा नसतो. बोलताना मात्र वीरचक्र ठळकपणे सांगा, कशासाठी मिळालं ते पाहुण्यांकडून आधी लिहून घ्या.

'निवृत्त' नावानंतर कंसात: "एअर व्हाइस मार्शल अमुक अमुक (निवृत्त)". "निवृत्त एअर व्हाइस मार्शल अमुक" असं छापू नये. माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. आणि हुद्द्याच्या आधी 'श्री' नको. मंचावरून एकदा पूर्ण हुद्दा घ्या, मग नुसतं 'सर' चालतं.

---

निशाणबारी

ब्रीदवाक्य घेणार असाल तर विसर्गासकट लिहा: नभःस्पृशं दीप्तम्. गीतेच्या अकराव्या अध्यायातला २४ वा श्लोक. बॅनरवाला हमखास 'नभ स्पर्श' करतो, छपाईआधी एकदा बघून घ्या.

मुलं सलामी देणार असतील तर तेही पाहा. हवाई दलाची सलामी २००६ पासून वेगळी आहे. तळवा लष्करासारखा समोर नाही, नौदलासारखा खाली वळलेला नाही, जमिनीशी ४५ अंशात.

---

चौथा_पट्टा

परंपरेचा एखादा प्रसंग हवा असेल तर धनोआंचा घ्या. कारगिल युद्धात हुतात्मा झालेल्या स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजांसाठी मे २०१९ मध्ये भिसियाना तळावर 'मिसिंग मॅन' उड्डाण झालं. बाणाच्या आकारातली मिग-२१ विमानं, मधे गेलेल्या सहकाऱ्याची एक जागा मोकळी, आणि नेतृत्वाला स्वतः प्रमुख. सप्टेंबरमध्ये त्यांनी प्रमुख म्हणून लढाऊ विमानातलं शेवटचं उड्डाण केलं तेही मिग-२१ मधूनच, पठाणकोटला, सोबत अभिनंदन वर्धमान. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हाही प्रमुख अमर प्रीत सिंग स्वतः कॉकपिटमध्ये होते.

फक्त 'मिसिंग मॅन'चं भाषांतर 'हरवलेला माणूस' करू नका. जसं आहे तसं ठेवा आणि मोकळ्या जागेचा अर्थ एका वाक्यात सांगा.