कॅम्परमधलं पोर्टेबल टॉयलेट : वास जात नाही आणि मधली झडप जाम होते

सुदामानगरची_वहिनी

नमस्कार मंडळी. ह्यांनी रिटायर झाल्यावर सेकंडहँड ट्रॅव्हलर घेऊन तिचं कॅम्पर करून घेतलंय, मागे पलंग, छोटा ओटा आणि एका कोपऱ्यात पडदा लावून ते डब्यासारखं पोर्टेबल टॉयलेट. खरं तर ते सासूबाईंसाठीच घेतलं, गुडघ्यांमुळे त्यांना देशी संडासात बसता येत नाही आणि ओंकारेश्वर-महेश्वरला जायची हौस तर दांडगी. आता प्रॉब्लेम असा की घरी आल्यावर रिकामं करून, फिनाइल टाकून धुतलं तरी दोन दिवसांनी परत वास सुरू, वरची आणि खालची टाकी यांच्यामधली सरकती झडप ओढायला खूप जोर लागतो, आणि खालच्या टाकीत पिवळा खरखरीत थर धरलाय. दुकानदार म्हणाला संडासाचं अ‍ॅसिड टाका, सगळं निघेल. टाकू का? आणि रिकामं नेमकं कुठे करायचं, आम्ही बाथरूमच्या मोरीत ओततो ते बरोबर आहे का? गाडी दारात उन्हातच उभी असते.

माळवी_भटक्या

ताई, अ‍ॅसिड अजिबात नको. त्या झडपेला गोल रबराचं सील असतं, वास अडवायचं आणि खालचं वर येऊ न द्यायचं सगळं काम ते एकटं करतं, आणि अ‍ॅसिड, ब्लीच, फिनाइल असल्या तेज वस्तूंनी ते रबरच कडक होऊन चिरतं. म्हणजे वास घालवायला जे टाकाल त्यानेच उद्या जास्त वास येणार. पिवळा थर म्हणजे लघवीतले क्षार. त्याला लिंबूसत्व पुरे. इंदूरच्या सियागंज बाजारात किलोवर मिळतं, नींबू का सत म्हणून मागा. मूठभर घेऊन तीन-चार लिटर कोमट पाण्यात विरघळवा, उकळतं नको, प्लास्टिक वाकतं. खालच्या टाकीत ओता, झाकण लावून हलवा, रात्रभर राहू द्या, मधे एकदा टाकी आडवी करून ठेवा म्हणजे बाजूचा थरही भिजेल. सकाळी बराचसा थर आपोआप सुटतो, राहिला तर परत एकदा. तारेची घासणी आत घालू नका, ओरखड्यांत घाण बसते आणि मग वास कायमचा मुक्कामाला.

झडपेचं म्हणाल तर सील ओल्या फडक्याने पुसा, कडेच्या खाचेत कागदाचा लगदा अडकलेला असतो तो जुन्या टूथब्रशने काढा, कोरडं करा आणि सिलिकॉन स्प्रे मारून झडप पाच-सहा वेळा मागेपुढे करा. आणि मेन म्हणजे टॉयलेट ठेवून द्यायचं असेल तेव्हा दोन्ही टाक्या रिकाम्या, कोरड्या, तोटीचं झाकण काढलेलं आणि झडप थोडी उघडी ठेवायची. बंद ठेवली की आपल्या मे महिन्यात रबर प्लास्टिकला असं चिकटतं की विचारू नका. वरची फ्लशची टाकी पण उपसायची बरं का, ती लोक विसरतात, आठवड्याभराने हिरवं शेवाळ आणि त्याचा वेगळाच कुबट वास.

पोहे_जिलेबी

सिलिकॉन नसेल तर व्हॅसलीन चालतं की, आम्ही तेच लावतो

माळवी_भटक्या

भिया, व्हॅसलीन नको, पेट्रोलियमच्या वस्तूंनी रबर फुगतं आणि मग गळती. घरात काही नसेल तर ऑलिव्ह ऑइलचे दोन थेंब चालतील.

रसायनवाले_सर

वरचं बरोबर आहे पण एक गोष्ट जोरात सांगायला हवी. संडासाच्या त्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचा. त्यावर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो. आणि नुसतं ब्लीच लघवीच्या टाकीत टाकलं तरी क्लोरामाइन तयार होतात, डोळे-घसा जळतो. पडदा लावलेल्या बंद गाडीत हे उद्योग करू नका, विशेषतः म्हातारं माणूस आत असताना. दुसरं, उन्हात टाकीत वायू साठून दाब तयार होतो, तसाच घाट चढून वर गेल्यावरही. तेव्हा पहिल्यांदा झडप उघडताना बसायचं झाकण बंद असू द्या, थोडीशी सरकवा, फुस्स होऊ द्या, मग पूर्ण उघडा. नाहीतर उडतं तोंडावर.

नर्मदाकाठ

वहिनी, तुमची टाकी किती लवकर भरते? विचारतेय कारण ही टॉयलेटं कागदवाल्या लोकांसाठी बनवलेली. मोठ्या मॉडेलची खालची टाकी वीसेक लिटरची, आणि आपण बसलो की टमरेलभर पाणी नुसतं धुवायलाच, वर फ्लश वेगळा. तिघं माणसं असली की एका दिवसात काठोकाठ, मग वळणावर डचमळून सीलपर्यंत येतं आणि वास तिथूनच. आम्ही अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून ठेवलीत, दाबली की पिचकारी, काम चोख होतं आणि पाणी चौथाई लागतं. आईंनी आधी नाक मुरडलं, आता दुसऱ्याला देत नाहीत ती बाटली 😄

वापरायच्या आधी खालच्या टाकीत दोन लिटर पाणी आणि केमिकल (वास दाबणारं, मैला विरघळवणारं ते टॉयलेटचं लिक्विड) टाकता ना? कोरड्या टाकीत पडलं की तळाला चिकटतं. आणि ओले वाइप्स आत टाकू नका, ते विरघळत नाहीत.

पोहे_जिलेबी

आणि मोरीत ओतू नका वहिनी!! मोरीच्या जाळीत अडकेल आणि आंघोळीच्या जागी ती घाण कशाला. सरळ कमोडमध्ये, हळूहळू, तोटी खाली वळवून. ओतताना मागचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा, मग भकभक करून उडत नाही. बटण तोटी खाली झाल्यावरच दाबायचं, आधी नाही. रस्त्याकडेच्या नाल्यात ओतणारे पण पाहिलेत, इंदूर २०२१ ला देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं ते नाल्यात मैलापाणी सोडणं बंद केलं म्हणूनच ना, आणि हे लोक डबा घेऊन कान्ह नदीच्या काठावर. नर्मदेवर तर विचारही करू नका. प्रवासात सार्वजनिक शौचालयात केअरटेकरला आधी विचारून, नंतर बादलीभर पाणी टाकून यायचं, बहुतेक कोणी नाही म्हणत नाही.

सुदामानगरची_वहिनी

बापरे केवढी माहिती, सगळ्यांचे आभार. लिंबूसत्व आजच मागवते. बाटलीची आयडिया सासूबाईंना सांगितली, त्या म्हणाल्या आधी तू वापरून दाखव 😅 एकच विचारायचं राहिलं, गावाकडच्या घरी ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक आहे, तिथल्या कमोडमध्ये ओतलं तर चालेल का? आमचं केमिकल निळं आहे.

रसायनवाले_सर

बाटली बघा. फॉर्मल्डिहाइड लिहिलं असेल तर सेप्टिक टँकमध्ये नको, टँकमधले जिवाणूच मैला पचवतात आणि ते त्यानेच मरतात. जुनी निळी बरीचशी तशीच असायची. हिरव्या रंगाची बहुतेक त्याशिवायची येतात, पण रंगावर जाऊ नका, सेप्टिकला चालेल असं छापलेलं असेल तेच घ्या. जास्त टाकल्याने जास्त साफ होतं असं काही नाही, लिहिलंय तेवढंच माप.

माळवी_भटक्या

आणि वहिनी, सगळं करून पण झडपेतून ओल येत राहिली तर सील गेलं समजा. ते वेगळं मिळतं, अख्खं टॉयलेट बदलायला लावतील दुकानात, ऐकू नका. मॉडेल नंबर बघून मागवा, नुसत्या अंदाजाने आणलेलं बसत नाही.