ताश्कंदमधली सोव्हिएत काळातली मोझेइक: कुठे पाहायची?

रानवारा: नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन उझबेकिस्तानला जातेय. समरकंद, बुखारा ठरलंय. ताश्कंदला दोन दिवस मिळतील, पण जो तो म्हणतो तिथे नुसत्या सिमेंटच्या इमारती आहेत. मला त्याच बघायच्यात, खास करून भिंतींवरची मोझेइक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांची चित्रं. सुरुवात कुठून करू? मेट्रोत फोटो काढू देतात का? बाबांचा गुडघा दुखतो, तेही लक्षात घेऊन सांगा.

वाळू_खडी_सिमेंट: सिमेंटच्या इमारती बघायला निघालेलं कुणी भेटलं, फार बरं वाटलं! मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, कामानिमित्त तिथे राहिलोय.

२६ एप्रिल १९६६च्या भूकंपात जुन्या शहराचा मोठा भाग पडला. लाखो लोक बेघर झाले, म्हणून कारखान्यात भिंती ओतायच्या आणि क्रेनने जागेवर बसवायच्या, अशी घरं झपाट्याने उभी राहिली. या घरांच्या कडेच्या भिंतींना खिडक्या नसतात. त्या कोऱ्या भिंती झार्स्की या कलाकार बंधूंनी मोझेइकने सजवल्या. काम कारखान्यातच व्हायचं: फरशीचे तुकडे नक्षीनुसार साच्यात पालथे मांडायचे, वरून काँक्रीट ओतायचं. म्हणजे चित्र भिंतीवर चिकटवलेलं नाही, भिंतीबरोबरच ओतलेलं आहे. माझ्या धंद्यात इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही. घाईची, स्वस्तातली घरं, तरी राहणाऱ्याला आपली इमारत लांबून ओळखू यावी एवढी काळजी कुणीतरी घेतली.

त्यासाठी ताश्कंदच्या चिलानझार भागात जा आणि वस्तीतून पायी फिरा. गाडीतून निम्मं दिसत नाही. बाबांसाठी चौकाचौकात बाकं आहेत, झाडांची सावली आहे. हॉटेल उझबेकिस्तान (१९७४) आणि पूर्वीचं लेनिन संग्रहालय (१९७०), जिथे आता इतिहास संग्रहालय आहे, यांच्या दर्शनी भागावरची जाळीही नीट बघा. ती नक्षी आहेच, शिवाय तिथलं कडक ऊन अडवते.

जाताय तर लवकर जा. जुन्या भिंतींवर नवं आवरण चढलं की मोझेइक झाकली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पांढरं_सोनं_अकोला: मेट्रोत फोटोंना बंदी होती, ती २०१८ मध्ये उठली. निवांत काढा. मेट्रो १९७७ची. पाख्ताकोर स्टेशन चुकवू नका, तिथल्या भिंतींवर मोझेइकमध्ये कापसाची बोंडं आहेत. आमचं घर कापसावर चाललेलं, मी त्या भिंतीपुढे किती गाड्या सोडल्या! तिथूनच गाडी बदलून अलिशेर नवाई आणि पुढे कोस्मोनाव्तलार ही स्टेशनं करा. तिथे निळ्या भिंतींवर गागारिन, तेरेश्कोवा आणि खगोलवेत्ता उलुघबेग एकाच रांगेत आहेत. जिने चढावे लागतील, पण स्टेशनं फार खोल नाहीत.

आई-बाबांना शास्त्री रस्त्यावरही न्या, तिथे लालबहादूर शास्त्रींचा अर्धपुतळा आहे. त्यांचं निधन ताश्कंदलाच झालं, ११ जानेवारी १९६६ला, भूकंपाच्या जेमतेम साडेतीन महिने आधी.

रानवारा: दोघांचेही खूप आभार! चिलानझारला लोकांच्या घरांच्या आवारात शिरलेलं चालतं का?

वाळू_खडी_सिमेंट: चालतं, आवारं मोकळी असतात. भिंतीचा फोटो खुशाल काढा, माणसांचा मात्र विचारून. बाकावर आजीबाई बसल्या असतील तर आधी नमस्कार करा, "हिंदुस्तान" म्हणा. चहाचं बोलावणं आलं तर वेळ हाताशी ठेवा. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.