साडेतेरा किलोच्या मुलीला पाठीवर घ्यायला कोणता वोव्हन रॅप घ्यावा?

सोनचाफा
वोव्हन रॅप, म्हणजे मूल अंगाशी बांधून घ्यायचं विणलेलं लांब कापड, घ्यायचा विचार आहे. मुलगी अडीच वर्षांची, वजन १३.५ किलो, उंची ९२ सेंमी. होजिअरीचा ताणणारा रॅप दहा मिनिटांत खाली ओघळतो आणि बकलवाल्या कॅरियरची सीट तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचत नाही. माझी उंची ५ फूट ३ इंच, अंगकाठी मध्यम. पुण्यातल्या उन्हाळ्यात झेपेल असं कापड कोणतं, जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन, ग्रॅममध्ये) किती आणि लांबी किती घेऊ? घरात कॉटनच्या जुन्या साड्या आहेत, त्या चालतील का?

ताणाबाणा
होजिअरीचा रॅप आता बाजूला ठेवा. त्यात फासे असतात, वजन पडलं की ते उघडतात. तसले रॅप साधारण ९ किलोपर्यंतच ठीक, आणि पाठीवर बांधायला तर अजिबात नाहीत. वोव्हन रॅप बहुतेक ट्विल विणीचा असतो, म्हणजे जीन्सवर दिसते तशी तिरकी रेघ. हे कापड लांबीत ताणत नाही, फक्त तिरकं थोडं देतं. त्यामुळे अंगाभोवती नीट बसतं आणि लोंबत नाही.

जीएसएमबद्दल एक सांगते. पोर जड म्हणून सगळे ३०० च्या पुढचं कापड शोधतात, तिथेच फसतात. इतक्या जाड कापडातला ढिलेपणा ओढून काढायला फार जोर लागतो. तो काढायचा राहिला की वजन मागे झुकतं आणि खांदे भरून येतात. गाठही मुठीएवढी होते. २३० ते २६० पुरेसं आहे, त्यापेक्षा धागा बघा. ३० ते ५० टक्के लिनन असलेलं कॉटन घ्या. लिनन ताणत नाही, वजन पेलतं आणि घाम लवकर सुकतो. हेम्पही (भांगेच्या झाडाच्या खोडाचा धागा) चांगलं. बांबू हाताला मऊ लागतं, पण निसरडं असतं आणि जड पोराखाली सैल पडत जातं, ते नको. बजेट कमी असेल तर २५० च्या आसपासचं शुद्ध कॉटन ट्विल घ्या.

निरगाठ
लांबीचं मी सांगते. तुमच्या मापाला बेस साइज (ज्या लांबीत बहुतेक बांधण्या जमतात ती) ६, म्हणजे ४.६ मीटर. रकसॅकसाठी, म्हणजे पाठपिशवीसारखं दोन्ही खांद्यांवरून पाठीवर बांधायच्या पद्धतीसाठी, दोन साइज कमी, म्हणजे ४ नंबर (३.६ मीटर) पुरतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते लहान बाळासाठी. अडीच वर्षांच्या मुलीभोवतीच बरंच कापड जातं. एकच घ्यायचा असेल तर ५ नंबर (४.२ मीटर) घ्या. त्यात टोकं छातीवर आणून टिबेटन नावाची बांधणी करता येते आणि खांद्यांवरचा भार छातीवर वाटला जातो. पन्हा ७० सेंमीपेक्षा कमी नको.

मोठी मुलं पाय ताठ करतात आणि सीट सुटते, ही या वयातली खरी अडचण. म्हणून खालची कड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागे न्या आणि चांगलं वीतभर कापड तिचं पोट आणि तुमची पाठ यांच्यामध्ये वर सारा. गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर यायला हवेत. मग एक टोक तुमच्या मांड्यांत दाबून धरा आणि दुसरं ओढा: आधी वरची कड, मग मधलं कापड, शेवटी खालची कड. सगळं एकदम ओढलं तर फक्त कडा आवळतात आणि मध्ये पोतं राहतं. वरची कड काखेपर्यंत आली की हात बाहेर ठेवता येतात. उन्हाळ्यात रकसॅकच बरं, त्यात तिच्या पाठीवर एकच थर येतो. डबल हॅमक ही पाठीवरची दुसरी, जास्त थरांची बांधणी जास्त आरामाची, पण त्याला पूर्ण ४.६ मीटर लागतो आणि उकडतं.

पाठीवर घ्यायचा सराव पलंगाशेजारी आणि मागे कुणीतरी उभं असतानाच करा.

पैंजण
साडीबद्दल. साडी साडेपाच मीटर असते, म्हणजे लांबीचा प्रश्न नाही. पन्हा ४५-४८ इंच असल्याने ती उभी दुमडावी लागते. अडचण विणीची आहे: साधी वीण, पातळ सूत, त्यामुळे एवढ्या वजनाला ती खांद्यावर गोळा होऊन दोरीसारखी काचते. जुन्या साडीचं सूत घडीवर विरलेलं असतं, ते उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. गाठी शिकायला साडी वापरा, मुलीऐवजी पाच किलो तांदळाची पिशवी घ्या. जॉर्जेट किंवा कुठलीही सिंथेटिक साडी सरावालाही नको, गाठ घसरते.

विकत घेताना एएसटीएम एफ२९०७ (मूल बांधायच्या स्लिंगसाठीचं अमेरिकेतलं सुरक्षा मानक) चाचणीचा उल्लेख आहे का बघा. तिची कमाल मर्यादा साधारण १५.९ किलो आहे, म्हणजे तुमच्याकडे अजून दोनेक किलोची सवड आहे.

सोनचाफा
खूप आभार! लिनन नवं असताना फार कडक असतं म्हणतात. ते मऊ कसं करायचं?

ताणाबाणा
थंड पाण्यात सौम्य डिटर्जंटने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून कापड निसरडं होतं. किंचित ओलं असतानाच इस्त्री करा, मग सैलसर वेणी घालून सोडा, असं चार-पाच वेळा. पिळू मात्र नका. लिननचा धागा एकाच घडीवर पुन्हा पुन्हा दाबला गेला की तिथेच तुटतो. म्हणून ठेवतानाही घडी न घालता गुंडाळी करा. एखादा धागा ओढला गेला तर कापू नका. बोथट सुईने दोन्ही बाजूंना थोडा थोडा सरकवला की परत जागी बसतो.