मदत हवी आहे: छुखुंगहून इम्जा तलाव कोणी पाहिलाय का?

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये बाबांबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातोय. त्या मार्गावरच्या दिंगबोचे गावाहून वाट वाकडी करून छुखुंग गावात एक मुक्काम वाढवायचा आणि इम्जा तलाव बघायचा, असं डोक्यात आहे.

खरं सांगायचं तर बेस कॅम्पपेक्षा मला याचंच आकर्षण जास्त. 1960 च्या सुमारास तिथे हिमनदीच्या पाठीवर नुसती डबकी होती. आज सुमारे 5,000 मीटर उंचीवर दोन किलोमीटरहून लांब तलाव आहे. बांध म्हणाल तर हिमनदीनेच आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा, पोटात बर्फ असलेला! फुटला तर खालची गावं धोक्यात, म्हणून 2016 मध्ये नेपाळी सैन्याने कालवा खोदून, दार बसवून पाणी तीनेक मीटर उतरवलं.

ते दार जवळून बघता येतं का? जवळच्या आयलंड पीक शिखराच्या वाटेवरून पाणी दिसतं की ढिगाऱ्यावर चढावंच लागतं? बाबा 63 वर्षांचे, सह्याद्रीत अजूनही माझ्या पुढे असतात, पण सुट्या दगडांवर गुडघा कुरकुरतो. सकाळी निघून दुपारचा वारा सुटायच्या आत छुखुंगला परतणं जमेल? आणि त्या वाटेपुरता छुखुंगमध्ये गाईड मिळतो का, की काठमांडूहूनच ठरवून न्यावा?